जिभेची चव आणि दातांची कीड : नाते किती खरे, किती खोटे?

एकाच घरात वाढलेली दोन भावंडे. ताट तेच, पाणी तेच, ब्रश आणि पेस्टही तीच. तरीही एकाचे दुधाचे दात शाळेत जाण्याआधीच काळे पडतात आणि दुसऱ्याला दहाव्या वर्षापर्यंत दंतवैद्याची पायरी चढावी लागत नाही. असे चित्र अनेक घरांत दिसते. त्याचे स्पष्टीकरण देताना वडीलधारी मंडळी कधी ‘दातच मुळात कच्चे’ असे म्हणतात, कधी ‘गोडाचा फार नाद’ असा ठपका ठेवतात. गोडाचा हा नाद येतो कुठून, आणि त्याची मुळे जिभेच्या जन्मजात घडणीत आहेत काय, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध गेल्या दोन-अडीच दशकांत घेतला गेला. त्यातून हाती आलेले उत्तर रंजक आहे, मात्र ते वाटते तितके सरळ नाही. माणसामाणसांच्या जिभेत फरक असतो आणि त्याची सावली दातांवर पडते, हे खरे. परंतु जीभ म्हणजे दातांचे विधिलिखित नव्हे, हेही तितकेच खरे.

दात किडतो म्हणजे काय होते?

व्यवहारात ‘कीड’ हा शब्द रूढ असला, तरी दंतक्षयात दाताला कोणताही किडा लागत नाही. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरात, ज्याला दंतवैद्यक ‘प्लाक’ म्हणते, असंख्य जिवाणू राहतात. साखर आणि पिष्टमय पदार्थ मिळाले की हे जिवाणू ते आंबवून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या बाह्य कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. अमेरिकी दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी बर्लिनमध्ये काम करताना ही प्रक्रिया १८९० साली ग्रंथरूपाने मांडली. या रोगातील एक प्रमुख जिवाणू ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ याचे वर्णन १९२४ साली झाले. उसाच्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजपासून, हा जिवाणू केवळ आम्लच नव्हे तर एक डिंकासारखा पदार्थही बनवतो आणि त्याच्या साहाय्याने दाताला घट्ट चिकटून राहतो.

गोड पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधील आम्लता वाढते. आम्लतेचे मोजमाप असलेला ‘पीएच’ सुमारे ५.५ च्या खाली उतरला की एनॅमल झिजू लागते. त्यानंतर लाळ आपले काम सुरू करते. ती आम्ल सौम्य करते, खनिजे परत पुरवते आणि साधारणतः अर्ध्या ते एका तासात तोंड पूर्ववत होते. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी हा चढउतार आलेखाने दाखवला. आजही तो ‘स्टीफनचा वक्र’ म्हणून शिकवला जातो. झीज आणि भरपाई यांचा हा झगडा दिवसभर चालू असतो. भरपाईला उसंत मिळाली नाही की दाताला खड्डा पडतो.

म्हणून दंतक्षयाला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : दात, जिवाणू, साखर आणि वेळ. यांपैकी साखर आणि वेळ या दोहोंवर माणसाच्या आवडीनिवडीचा थेट परिणाम होतो. चवीचा संबंध येतो तो येथेच.

चव कळते कशी?

जिभेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना दिसणारे बारीक उंचवटे असतात. त्यांपैकी अनेकांत रुचिकलिका दडलेल्या असतात. प्रत्येक कलिकेत काही डझन पेशी असतात आणि त्यांच्यावर विशिष्ट ग्राही प्रथिने असतात. पदार्थातील रेणू या प्रथिनाला जाऊन भिडला की मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश पोहोचतो. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि ‘उमामी’ अशा पाच मूळ चवी मानते. आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे सहा रस सांगितले आहेत. मराठी वाचकाची येथे एक गफलत होऊ शकते. आयुर्वेदातील ‘तिक्त’ म्हणजे आपले कडू, तर ‘कटु’ म्हणजे आपले तिखट.

गोड चवीसाठी माणसाकडे मुख्यतः एकच जोडग्राही आहे. ‘टीएएस१आर२’ आणि ‘टीएएस१आर३’ या दोन जनुकांपासून बनलेली प्रथिने एकत्र येऊन तो तयार होतो. कडू चवीसाठी मात्र सुमारे पंचवीस वेगवेगळे ग्राही आहेत. निसर्गातील अनेक विषे कडू असल्याने त्यांना ओळखण्यासाठी शरीराने ही मोठी फौज उभी केली असावी, असे मानले जाते. या फौजेतील एका शिपायाची कहाणी दंतक्षयाच्या चर्चेत केंद्रस्थानी आहे.

उडालेल्या भुकटीची कहाणी

१९३१ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड, म्हणजेच ‘पीटीसी’, नावाची भुकटी हाताळत होते. ती थोडी हवेत उडाली. जवळच काम करणारे सहकारी सी. आर. नॉलर यांनी तोंड भयंकर कडू झाल्याची तक्रार केली. भुकटीच्या अधिक जवळ असलेल्या फॉक्स यांना मात्र काहीच जाणवले नाही. दोघांनी प्रत्यक्ष चव घेऊन पाहिली, तेव्हाही तेच : एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव.

त्याच वर्षअखेरीस न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या विज्ञान अधिवेशनात फॉक्स आणि आनुवंशिकशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी उपस्थितांना ही भुकटी चाखायला दिली. सुमारे ६५ टक्के लोकांना ती कडू लागली, सुमारे २८ टक्क्यांना चवच लागली नाही आणि उरलेल्यांनी अन्य चवी सांगितल्या. हा गुण घराण्यात उतरतो हेही लवकरच स्पष्ट झाले. डीएनए चाचणी येण्यापूर्वीच्या काळात पितृत्व ठरवण्याच्या वादांतही या भुकटीचा आधार घेतला गेला.

पुढे पीटीसीऐवजी ‘प्रॉप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे द्रव्य संशोधनात रूढ झाले. थायरॉइडच्या विकारावर औषध म्हणूनही त्याचा वापर होतो. या द्रव्यात भिजवून वाळवलेला कागदाचा छोटा तुकडा काही सेकंद जिभेवर ठेवायचा आणि कडूपणा किती वाटला ते सांगायचे, अशी ही साधी चाचणी आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी संशोधक लिंडा बार्टोशुक यांनी लोकांचे तीन गट मांडले : ज्यांना कडूपणा जाणवत नाही ते, ज्यांना मध्यम जाणवतो ते आणि ज्यांना तो असह्य होतो ते. शेवटच्या गटासाठी त्यांनी ‘सुपरटेस्टर’ हा शब्द रूढ केला. त्यास मराठीत ‘अतिसंवेदी’ म्हणता येईल.

या फरकामागील जनुक २००३ साली सापडले. सातव्या गुणसूत्रावरील ‘टीएएस२आर३८’ हे ते जनुक. त्याच्या प्रथिनातील तीन ठिकाणची अमिनो आम्ले बदलली की कडूपणा टिपण्याची क्षमता बदलते. संवेदी प्रकाराला ‘पीएव्ही’ आणि असंवेदी प्रकाराला ‘एव्हीआय’ म्हणतात. आई आणि वडील या दोघांकडूनही ‘एव्हीआय’ प्रत मिळालेल्या व्यक्तीला प्रॉपची पट्टी बहुधा साध्या कागदासारखीच लागते. निरनिराळ्या जनसमूहांत अशा लोकांचे प्रमाण फार वेगवेगळे आहे. पश्चिम आफ्रिकेत ते अत्यल्प, तर भारतातील काही समूहांत चाळीस टक्क्यांच्या आसपास आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणजेच हा प्रश्न भारतीय वाचकासाठी दूरचा नाही.

एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. प्रॉप कडू न लागणाऱ्या माणसाला कारले किंवा कडुनिंबही कडू लागत नाही, असे नव्हे. प्रॉप आणि पीटीसी यांच्याशी रासायनिक साधर्म्य असलेली द्रव्ये मोहरी, कोबी, मुळा, नवलकोल यांच्या कुळात आढळतात. कारल्याचा वा निंबाचा कडूपणा वेगळ्या रेणूंचा असतो आणि तो वेगळे ग्राही टिपतात. त्यामुळे मूल कारल्याची भाजी आवडीने खाते की नाही, यावरून त्याच्या टीएएस२आर३८ जनुकाचा अंदाज बांधता येत नाही.

कडू न कळणारी जीभ अधिक गोड मागते काय?

दंतवैद्यकातील संशोधकांनी मांडलेले गृहीतक साधे होते. ज्यांना प्रॉप कडू लागत नाही, त्यांच्या जिभेला एकूणच चवी सौम्य जाणवत असाव्यात. समाधान मिळण्यासाठी अशी माणसे अधिक गोड, अधिक तीव्र पदार्थांकडे वळत असावीत. उलट अतिसंवेदी व्यक्तीला थोडी साखरही पुरेशी वाटत असावी. तसे असेल, तर पहिल्या गटातील मुलांचे दात अधिक किडलेले आढळले पाहिजेत.

२००३ साली अमेरिकेतील बालदंतवैद्यकाच्या नियतकालिकात याविषयीचा एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कडूपणा न जाणवणाऱ्या मुलांमध्ये दंतक्षय अधिक आढळला. २००६ साली भारतीय बालदंतवैद्यकाच्या नियतकालिकातही तशाच स्वरूपाचे निष्कर्ष आले; प्रॉप-संवेदनशीलता हा दंतक्षयाचा धोका ओळखण्याचा एक नवा निकष ठरू शकतो, असे त्यात सुचवले गेले. त्यानंतर भारतातील अनेक दंत महाविद्यालयांतून असे छोटे अभ्यास झाले, कारण चाचणी स्वस्त असून मुलांना त्रासाची नाही.

२०१० साली प्रश्न जनुकांच्या पातळीवर तपासला गेला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतील कुटुंबांच्या अभ्यासात टीएएस२आर३८ चा संवेदी प्रकार दुधाच्या दातांना काहीसे संरक्षण देतो, असे दिसले. गोड चवीच्या टीएएस१आर२ जनुकाचेही काही प्रकार दंतक्षयाच्या कमी-अधिक प्रमाणाशी निगडित आढळले. लक्षणीय बाब अशी की हा संबंध सर्व वयोगटांत सारखा नव्हता.

कॅनडातील संशोधकांनी २०१३ साली दुसरा धागा पुढे आणला. ‘ग्लूट२’ नावाचे प्रथिन शरीराला रक्तातील ग्लुकोजची जाणीव करून देण्यात भाग घेते. त्याच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेली माणसे अधिक साखर खातात, हे आधीच्या अभ्यासात दिसले होते. या नव्या अभ्यासात त्यांचे दातही अधिक किडलेले आढळले. टीएएस१आर२ जनुकाचा एक प्रकार असलेल्यांत मात्र कीड कमी होती. गोडाची ओढ केवळ जिभेवर ठरत नाही, ‘आता पुरे’ हे सांगणाऱ्या शरीरांतर्गत यंत्रणेचाही तीत वाटा आहे, असा याचा अर्थ.

उलट बोलणारा पुरावा

चित्र इतके स्वच्छ असते, तर बालवाडीतच प्रॉपची पट्टी देऊन काम भागले असते. परंतु पुरावा एकमुखी नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली मुले आणि त्यांच्या माता यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कडूपणाला संवेदनशील जनुकप्रत असलेल्या मुलांचीच गोडाची पसंती अधिक निघाली. वरील गृहीतकाच्या हे नेमके उलट होते. मातांच्या बाबतीत तर जनुकापेक्षा त्या कोणत्या सामाजिक-वांशिक गटातील आहेत, याचा प्रभाव अधिक दिसला. वय वाढते तसा खाण्याच्या संस्कारांचा हात जनुकावर वरचढ होतो, असा त्यातून निघणारा बोध.

असे उलट का घडावे, याचे एक उत्तर स्वयंपाकघरात सापडते. गोड चव कडूपणा झाकते. ज्या मुलाची जीभ कडूपणाला फार तीक्ष्ण आहे, त्याला साधे औषध, कोकोची भुकटी किंवा काही पालेभाज्या नकोशा वाटतात. मग पालक दुधात साखर वाढवतात, औषध गोड सिरपच्या रूपात देतात, भाजीऐवजी जॅम-पोळीवर भागवतात. अशा रीतीने संवेदी जीभही साखरेच्या वाटेने जाऊ शकते. एकाच गुणाचे दोन परस्परविरोधी परिणाम संभवतात आणि कोणता घडेल हे बऱ्याच अंशी घरातील मोठ्यांच्या हातात असते.

ब्राझीलमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासांनी आणखी एक इशारा दिला. दंतक्षय आणि गोडाची आवड या दोहोंमध्ये आनुवंशिकतेचा वाटा आहे, परंतु ते दोन वाटे परस्परांपासून बरेचसे स्वतंत्र आहेत, असे तेथे २००६ साली आढळले. म्हणजे ‘कच्चे दात’ आणि ‘गोडघाशी जीभ’ ही दोन्ही घराण्यातून येऊ शकतात, पण एकाच गाठोड्यात बांधून येतात असे नाही. एनॅमलची घडण, दातांवरील खाचांची खोली, लाळेची गुणवत्ता या साऱ्यांवर वेगवेगळ्या जनुकांचा ठसा असतो. चवीचे जनुक हे त्यांतील केवळ एक.

‘अतिसंवेदी’ या कल्पनेबाबतही सावधगिरी हवी. अशा लोकांच्या जिभेवर चवीचे उंचवटे अधिक दाट असतात, असे आरंभी नोंदवले गेले होते. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत तो संबंध तितका ठळक राहिला नाही. प्रॉप कडू न लागणारा माणूस मिठाची वा आंबटाची चव उत्तम ओळखू शकतो. एका कागदी पट्टीवरून साऱ्या जिभेचा निवाडा करता येत नाही.

हिरड्यांतला पहारेकरी

टीएएस२आर३८ ची कथा जिभेपाशी संपत नाही. हा ग्राही नाकाच्या आतील अस्तरातही असतो आणि तेथे तो जिवाणूंनी परस्परांना पाठवलेले रासायनिक संदेश टिपून प्रतिकार जागा करतो, हे २०१२ साली दाखवले गेले. त्यानंतर हिरड्यांच्या पेशींवर प्रयोगशाळेत प्रयोग झाले. जिवाणूंच्या संपर्कात आल्यावर या पेशींचा प्रतिसाद जनुकाच्या प्रकारानुसार बदलतो, असे त्यांत आढळले. तपासलेल्या जिवाणूंत स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचाही समावेश होता. त्यामुळे कडू चवीचे जनुक आणि दंतक्षय यांच्यात जो काही संबंध दिसतो, त्याचा एक भाग आहाराऐवजी तोंडाच्या स्वसंरक्षणातून येत असण्याची शक्यता आहे. प्रयोगशाळेतील पेशी आणि प्रत्यक्ष तोंड यांत अंतर असते, हे लक्षात ठेवूनच या शक्यतेकडे पाहावे लागते.

लाळ, वय आणि मधुमेह

चव आणि दात यांना जोडणारा आणखी एक दुवा बहुधा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे लाळ. पदार्थाचे रेणू लाळेत विरघळल्याखेरीज रुचिकलिकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि लाळेवाचून दाताची भरपाईही होत नाही. लाळ आटली की चव मंदावते आणि कीड बळावते. डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडताना स्पष्ट दिसतात. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील अनेक औषधांनीही तोंड कोरडे पडते.

उतारवयात घ्राणशक्ती कमी होते. पदार्थ पूर्वीसारखा रुचत नाही. चहात साखरेचा चमचा वाढतो, तोंडात सतत एखादी गोळी ठेवण्याची सवय जडते. हिरड्या मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडलेले असते आणि मुळाला एनॅमलचे कवच नसते. गोव्यासारख्या, ज्येष्ठांचे प्रमाण देशात आघाडीवर असलेल्या राज्यात ही बाब विशेष महत्त्वाची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वाधिक आढळले. मधुमेह नियंत्रणात नसेल तर लाळ कमी होते आणि हिरड्याही दुखावतात. ज्येष्ठांना अचानक अन्न बेचव लागू लागले, तर तो केवळ वयाचा दोष न मानता तोंड आणि रक्तशर्करा या दोहोंची तपासणी करून घेणे हितावह ठरते.

जिभेपेक्षा बलवान काय?

जनुकांच्या चर्चेत एक मूलभूत सत्य झाकोळले जाऊ नये. स्वीडनमधील लुंड शहरानजीकच्या विपेहोम येथील संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे एक प्रयोग चालला. मानसिक विकलांग रहिवाशांना निरनिराळ्या प्रकारे साखर देऊन त्यांचे दात तपासले गेले. त्या माणसांची संमती घेतलेली नसल्याने हा प्रयोग आज अनैतिक मानला जातो आणि त्याचा उल्लेख त्या कलंकासह होणेच योग्य. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी मात्र दंतवैद्यकाची दिशा बदलली. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नव्हती. दोन जेवणांच्या मध्ये, चिकट टॉफीच्या रूपात घेतलेल्या साखरेने ती झपाट्याने वाढली होती. साखर किती, याइतकेच ती किती वेळा आणि किती काळ दाताला चिकटून राहते, हे निर्णायक ठरते.

हा हिशेब कोणालाही करता येईल. दिवसातून तीनदा गोड खाल्ले आणि प्रत्येक वेळी दात अर्धा तास आम्लात राहिले, तर एकूण दीड तास होतो. तेच प्रमाण थोडे थोडे करून आठ वेळा खाल्ले, तर चार तास होतात. साखर तेवढीच, झीज कितीतरी अधिक. नैवेद्याच्या ताटातील मुगाची खीर वा पातोळ्या जेवणाच्या ओघात पोटात जातात. जत्रेतून आणलेले खाजे मात्र डब्यात राहते आणि येता-जाता तोंडात पडते. दातांच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आहे. गूळ, मध आणि खजूर ‘नैसर्गिक’ असले तरी तोंडातील जिवाणू असा भेद मानत नाहीत. चहात बुडवलेले बिस्किट दाताच्या खाचेत जितका वेळ राहते, तितका वेळ आम्ल बनत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीनुसार पदार्थांत वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. भारतात २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना कीड आढळली होती. एवढा प्रचंड आकडा एखाद्या जनुकाचा असू शकत नाही. जनुके एका पिढीत बदलत नाहीत. दुकानातील पाकिटे बदलतात.

जीभ शिकते

जन्मतःच बाळाला गोड आवडते आणि कडू नकोसे वाटते. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक गोड लागते आणि किशोरवयाच्या मध्यापासून ही ओढ ओसरू लागते. निसर्गाची ही योजना वाढत्या देहाला ऊर्जा मिळावी म्हणून असावी. तिच्यावर संस्कार करता येतो, ही यातील दिलासा देणारी बाब. मोनेल संस्थेच्याच २०१६ सालच्या एका प्रयोगात प्रौढांनी काही महिने साखर कमी केली. तेव्हा तोच गोड पदार्थ त्यांना पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला. गोडाची आवड लगेच बदलली नाही, पण जीभ तल्लख झाली. नकोशी भाजी मुलापुढे जबरदस्ती न करता पुनःपुन्हा ठेवली, तर बरीच मुले कालांतराने ती स्वीकारतात, हेही अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

परंपरेने हे आपल्या रीतीने जाणले होते असे दिसते. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाची पाने चाखण्याची प्रथा आणि पानात डाव्या बाजूला वाढले जाणारे चवीचे पदार्थ यांतून जिभेला सर्व रसांची ओळख होत असे. चरकसंहितेत दातवणासाठी तुरट, तिखट वा कडू रसाच्या काड्या सुचवल्या आहेत. अर्थात निंबाची काडी फ्लोराइडयुक्त पेस्टची जागा घेऊ शकत नाही. एनॅमलच्या भरपाईत फ्लोराइडचे साहाय्य सिद्ध झालेले आहे.

घरात काय करावे?

प्रॉपची चाचणी आज संशोधनापुरतीच उपयुक्त आहे. तिच्यासाठी धावाधाव करण्याची गरज नाही. तिचा निकाल काहीही आला, तरी उपाय तेच राहतात.

पहिला दात दिसताच त्याची स्वच्छता सुरू करावी आणि वर्षाच्या आत दंतवैद्याला एकदा दाखवावे. दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. बाळाला दुधाची वा गोड पाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये, कारण झोपेत लाळ जवळपास थांबलेली असते. गोड पदार्थ जेवणासोबत द्यावा, दोन जेवणांच्या मध्ये नव्हे. गोड सिरप दिल्यावर तोंड धुवावे आणि साखरविरहित पर्याय आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे. दुधातील साखर एकदम बंद न करता आठवड्यागणिक थोडी कमी करावी; जिभेला जुळवून घ्यायला अवधी लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला ‘गोडघाशा’ किंवा ‘भाजीचा वैरी’ म्हणून हिणवू नये. त्याला लागणारी चव आणि शेजारी बसलेल्या आजीला लागणारी चव खरोखरच वेगळी असू शकते, हे शास्त्राने दाखवले आहे. नकोशी वाटणारी भाजी हा त्याचा हट्ट नसून त्याच्या जिभेची साक्ष असेल. ती साक्ष मान्य करूनही ताटात काय वाढायचे आणि बरणीचे झाकण दिवसातून किती वेळा उघडायचे, हे मोठ्यांनीच ठरवायचे असते. जीभ जन्मासोबत मिळते. दात टिकतात ते घराच्या शिस्तीने.